राजदूताच्या अर्धं पाऊल मागे : इस्तंबूलचे फ्रेंच वकील आणि त्यांचे दुभाषे

प्रश्न फ्रेंच शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. जुन्या काळी फ्रान्सचे राजदूत परमुलखात वर्षानुवर्षं राहायचे, तर त्यांना तिथली भाषा यायची का? येत नसेल तर कारभार चालायचा कसा? एका देशाचं उदाहरण घेऊन सांगा, असं तिचं म्हणणं आहे.

मी उदाहरण घेते ऑटोमन तुर्कांच्या दरबाराचं. फ्रान्सने इस्तंबूलला कायमचा वकील ठेवला तो १५३५ पासून, आणि तिथल्यासारखी लांब, भरगच्च परंपरा फ्रान्सला दुसरीकडे क्वचितच मिळाली. दुसरं कारण माझ्या धंद्यातलं आहे. सत्तावीस वर्षं मी फ्रेंच-मराठी-इंग्रजी दुभाषाचं काम करते, आणि या कामाचा इतिहास शोधत गेलं की पाय आपोआप इस्तंबूलकडे वळतात. आपल्याकडे राजदूताला ‘वकील’ म्हणत, मानवस्त्राला ‘खिलत’, भाषांतराला ‘तर्जुमा’. हे तिन्ही शब्द त्या दरबारातही चालत होते. युरोपात इस्तंबूलच्या दुभाषाला ‘ड्रॅगोमन’ म्हणत, तोही ‘तर्जुमान’चाच अपभ्रंश.

उत्तर आधीच सांगून टाकते. बहुतेक फ्रेंच राजदूतांना तुर्की येत नव्हती. बोलायचा तो दुभाषा. म्हणून राजदूतांची नावं आणि सनावळ्या पाठ करून हा इतिहास कळत नाही. त्यांच्या अर्धं पाऊल मागे कोण उभं होतं, त्याचा पगार कोण देत होतं आणि त्याची मान कोणाच्या हातात होती, हे पाहावं लागतं.

सुरुवात झाली ती अडचणीतून. फेब्रुवारी १५२५ मध्ये पाव्हियाच्या लढाईत फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सच्या कैदेत पडला. राजाच्या आईने, लुईझ द साव्हुआने, सरळ तुर्कांच्या सुलतान सुलेमानकडे माणूस धाडला. पहिला वाटेत मारला गेला, दुसरा पोचला. सुलेमानने फ्रान्स्वाला पाठवलेलं उत्तर आजही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. आपल्या पदव्यांची आणि मुलखांची लांबलचक माळ ओवून झाल्यावर तो म्हणतो की, बादशहांचा पराभव होणं, ते कैद होणं यात नवल नाही, धीर सोडू नका. आमचा घोडा रात्रंदिवस जीन कसून उभा असतो आणि तलवार कमरेला असते.

पुढे १५३५ मध्ये जाँ द ला फोरे हा पहिला कायमचा वकील आला आणि दोनच वर्षांत तिकडेच वारला. त्याच्या आधी आणि नंतरही या कामावर फिरलेला अंतोनियो रिंकोन मूळचा स्पॅनिश. १५४१ मध्ये तो फ्रान्सहून तुर्कस्तानकडे निघाला असताना उत्तर इटलीत सम्राटाच्या माणसांनी त्याला नदीवर गाठून ठार केलं. वकिलाला हात लावू नये हा नियम सगळ्यांना ठाऊक होता. मुसलमान बादशहाकडे जाणाऱ्या ख्रिस्ती राजाच्या वकिलाला मात्र तो लावावा असं सम्राटाच्या सेनापतीला वाटलं नाही.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगते, कारण ती थेट तर्जुम्याची आहे. ‘१५३६ मध्ये फ्रान्स आणि तुर्कस्तान यांच्यात व्यापारी तह झाला’ हे वाक्य तुम्हाला जागोजागी सापडेल. ते छातीठोकपणे लिहू नये. ला फोरेच्या वेळचा मसुदा मिळतो, पण सुलतानाने मंजूर केलेली प्रत मिळत नाही. पक्का कागद आहे तो १५६९ चा. आणि त्याला ‘तह’ तरी म्हणावं का? तुर्कीत त्याचं नाव अहदनामा. त्यात सुलतान मेहेरबान होऊन फ्रान्सच्या व्यापाऱ्यांना अभय देतो, जकातीचा दर बांधून देतो, त्यांचे आपसातले तंटे त्यांच्याच वकिलाने मिटवावेत अशी सवलत देतो. आपल्या जुन्या कागदांतला अगदी नेमका शब्द वापरायचा तर हा कौलनामा आहे. कौल देणारा वर असतो, घेणारा खाली. तह मात्र बरोबरीच्या दोघांत होतो. फ्रेंचांनी या कागदाला कधी ‘कापित्युलासिऑं’ म्हणजे कलमबंदी म्हटलं, कधी चक्क तह. एकच कागद इस्तंबूलला कौल म्हणून वाचला जायचा आणि पॅरिसला तह म्हणून. तुर्क बलाढ्य होते तोवर या फरकाने कोणाचं बिघडलं नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपीय सत्ता शिरजोर झाल्या तेव्हा ‘हा आमचा तहाने मिळालेला हक्क आहे’ असं म्हणून त्यांनी याच सवलती साम्राज्याच्या मानेवर बसवल्या. तुर्कांनी १९१४ मध्ये त्या एकतर्फी रद्द केल्या आणि १९२३ च्या लोझानच्या तहात त्या कायमच्या गेल्या. एका शब्दाचे दोन तर्जुमे साडेतीनशे वर्षं शेजारी शेजारी नांदले.

सोळाव्या शतकातला माझा आवडता वकील गाब्रिएल दारामों. १५४८ मध्ये सुलेमान इराणवर निघाला तेव्हा हा सगळा लवाजमा घेऊन त्याच्या छावणीबरोबर गेला. वानच्या किल्ल्याच्या वेढ्यात तोफा कुठे लावाव्यात याचा सल्लाही त्याने दिला. त्याच्या आसऱ्याला विद्वान मंडळी असत. त्यातला पिएर जिल इस्तंबूलच्या जुन्या खुणा शोधत हिंडे. लोक घराच्या जमिनीतल्या भोकातून बादली सोडून पाणी काढतात, कधी मासेसुद्धा काढतात, हे त्याने पाहिलं आणि तळघरातून खाली उतरून खांबांवर उभं असलेलं ते प्रचंड जुनं टाकं शोधलं. इस्तंबूलला गेलेले आपले पर्यटक ते आज तिकीट काढून पाहतात. फ्रान्सहून पैसे यायचे थांबले तेव्हा हाच जिल पोटासाठी सुलेमानच्या फौजेत भरती झाला होता.

आता दुभाषांकडे येते. परदेशी वकील राहायचे गोल्डन हॉर्न या खाडीच्या पलीकडे, पेरा भागात. तिथे जुनी कॅथलिक घराणी होती : फोंतों, तेस्ता, पिझानी, तिमोनी. इटालियन, ग्रीक, तुर्की घरातच बोलली जायची. दुभाषेपण बापाकडून मुलाकडे, सासऱ्याकडून जावयाकडे जायचं. सोय मोठी होती, पण धोकाही तिच्यातच होता. यांतले बरेच जण सुलतानाची प्रजा. वजिराच्या तोंडावर फ्रान्सच्या राजाचा निरोप सांगायचा तो यांनी, आणि वजीर भडकला तर वकील परत मायदेशी जाणार, हे मात्र तिथेच राहणार. १६४९ मध्ये व्हेनिसचा बडा दुभाषा ग्रिल्लो याचा वजिराच्या हुकमाने गळा आवळला गेला. त्याच्या धन्याला, व्हेनिसच्या वकिलाला, फक्त कैद झाली. अशा जागी उभा असलेला माणूस आपल्या धन्याचं कडक वाक्य जसंच्या तसं तुर्कीत आणेल का? तो धार मऊ करणारच. फ्रेंच वकील कायम तक्रार करत की आमचे दुभाषे आमचं बोलणं पातळ करून सांगतात. तक्रार खरी होती. पण मी त्या दुभाषांना दोष देत नाही.

आजही हे प्रश्न पुरते सुटलेले नाहीत. चाकणच्या एका कारखान्यात वाटाघाटी चालू होत्या. फ्रेंच साहेब सगळं ऐकून घेऊन म्हणाले, ‘ऑं व्हेरा’. शब्दशः त्याचा अर्थ ‘बघू’. मराठीतही ‘बघू’ म्हणजे कधी होकाराची सुरुवात, कधी सभ्य नकार. साहेबांनी कागद बाजूला सारून पेनाला टोपण लावलं होतं. ‘बघू’ एवढंच म्हणावं की ‘आत्ता तरी नको असं दिसतंय’ असं सांगावं, हे ठरवायला मला एका श्वासाएवढा वेळ होता. मी ‘बघू’ म्हटलं, कारण शब्द त्यांचे होते आणि टोपण समोरच्यांनाही दिसत होतं. माझी मान कोणी कापणार नव्हतं, म्हणून हे तत्त्व मला परवडलं.

दरबारातली भेट कशी व्हायची, तेही नीट डोळ्यांपुढे आणा. वकिलाला पहाटेच बोलावणं. दिवस शक्यतो जॅनिसरी फौजेच्या पगाराचा निवडायचे, म्हणजे पैशांच्या थैल्यांची रास आणि हजारो शिपायांची शिस्त पाहुण्याच्या नजरेत भरावी. मग वजिराबरोबर जेवण. मग खिलत : वकिलाच्या अंगावर त्याच्या कपड्यांवरून झगा चढवायचा, त्याच्या माणसांनाही दर्जाप्रमाणे. शेवटी दोन दरवान त्याचे दोन्ही दंड धरून त्याला सुलतानापुढे नेत. मुराद पहिल्याला कोसोव्होच्या लढाईच्या वेळी शत्रूच्या माणसाने जवळ येऊन भोसकलं, तेव्हापासून ही पद्धत पडली असं सांगतात. वकील आपलं भाषण फ्रेंचमध्ये म्हणायचा, दुभाषा ते तुर्कीत सांगायचा, राजाचं पत्र हातोहात पुढे सरकत तख्तापर्यंत जायचं. सुलतान बहुतेक वेळा बोलत नसे. बोललाच तर चार शब्द. इतक्या थाटात खऱ्या कामाचं काही होत नसे. कामाचं बोलणं दुभाषा दुसऱ्या दिवशी वजिराच्या कचेरीत एकटा जाऊन करी.

वकिलाचं अंग सुरक्षित होतं असंही नाही. सतराव्या शतकाच्या मध्यावर क्रीट बेटासाठी तुर्क आणि व्हेनिस लढत होते आणि फ्रान्सचा ओढा व्हेनिसकडे आहे हा वहीम होता. वकील जाँ द ला एय याची सांकेतिक लिपीतली पत्रं वजीर मेहमेद कोप्रुलूच्या हाती लागली. ती उलगडून सांगा, असा हुकूम झाला. वकिलाच्या मुलाने नकार दिला, तर त्याला मार बसला, कोठडीत टाकलं, बापही अडकला. तोच मुलगा, दनी, पुढे १६६५ मध्ये स्वतः राजदूत म्हणून त्याच शहरात परत आला. या माणसाच्या छातीचं मला आजही आश्चर्य वाटतं.

या सगळ्या अनुभवातून धडा घेतला तो चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने. १८ नोव्हेंबर १६६९ च्या आदेशाने त्याने ठरवलं की दुभाषे आपले, फ्रेंच रक्ताचे हवेत. आठ-दहा वर्षांची मुलं इस्तंबूल आणि स्मर्ना (आजचं इझमीर) इथल्या कापुचिन साधूंच्या मठांत पाठवायची आणि त्यांना तिथे भाषा शिकवून तयार करायचं. खर्च मार्सेयच्या व्यापाऱ्यांच्या मंडळाने उचलायचा, कारण गरज त्यांचीच होती. या मुलांना ‘जन द लांग’, म्हणजे भाषेची पोरं, म्हणत. मूळ कल्पना व्हेनिसची, पण कोल्बेरने ती राज्याच्या धोरणात बसवली. आईपासून तोडून समुद्रापार नेलेली ती लहान पोरं आठवली की मला वाईट वाटतं. पुढे १७२१ मध्ये पद्धत बदलली : मुलांनी आधी पॅरिसच्या लुई-ल-ग्रां शाळेत अरबी-तुर्की शिकायची, मग इस्तंबूलला जायचं. तोवर वय थोडं वाढलेलं असे.

तुर्की स्वतः जाणणारे राजदूत अपवादानेच झाले. त्यांत पहिलं नाव सावारी द ब्रेव्ह याचं. तुर्की आणि अरबी दोन्ही त्याला येत. १६०४ चा अहदनामा त्याने मिळवला आणि १६१५ मध्ये पॅरिसला तो तुर्की आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत छापवून घेतला. त्यासाठी सुंदर अरबी खिळे पाडवून घेतले. दोन्ही पाठ लोकांपुढे ठेवण्याची बुद्धी ज्याला भाषा येते त्यालाच होते, असं मला वाटतं.

आता मार्की द न्वांतेल. १६७० ते १६७९ तो इस्तंबूलला होता. कामाचा माणूस. १६७३ मध्ये त्याने फ्रेंच मालावरची जकात पाचवरून तीन टक्क्यांवर आणली. मग बेटांच्या दौऱ्यावर निघाला. अँटिपारोस बेटावरच्या गुहेत त्या वर्षीच्या नाताळात त्याने शेकडो माणसांसह मध्यरात्रीची प्रार्थना केली. १६७४ मध्ये अथेन्सला त्याच्याबरोबरच्या चित्रकाराने पार्थेनॉन या प्राचीन देवळावरची शिल्पं कागदावर उतरवली. तेरा वर्षांनी, १६८७ मध्ये, व्हेनिसच्या तोफगोळ्याने तिथला दारूसाठा उडाला आणि देऊळ मधोमध फुटलं. त्यातली कित्येक शिल्पं आज आपल्याला फक्त त्या चित्रांतून माहीत आहेत. त्याच्याच पदरी आंत्वान गालाँ हा तरुण होता. तो तिथे तुर्की, अरबी, फारसी शिकला आणि पुढे त्याने अरबी कथांचा खजिना फ्रेंचमध्ये आणला.

एवढ्या माणसाची कारकीर्द बुडाली ती एका स्टुलापायी. १६७७ मध्ये नवा वजीर कारा मुस्तफा याच्या भेटीला तो गेला, तर त्याचं आसन ‘सोफ्या’च्या खाली ठेवलेलं. सोफा म्हणजे आपल्या दिवाणखान्यातला नव्हे. ती उंच बैठक, आपल्या वाड्यातल्या सदरेसारखी. वजीर सदरेवर आणि फ्रान्सच्या राजाचा वकील खाली अंगणात बसल्यासारखा, हे त्याला सोसलं नाही. तो उठून निघून गेला. शेवटी त्याला नमून खाली बसावं लागलं, आणि ते पॅरिसला कळल्यावर लुईने त्याला परत बोलावलं. नंतर आलेल्या गियरागने सोफ्यावर आसन मिळेपर्यंत वजिराची औपचारिक भेटच घेतली नाही. १६८३ मध्ये व्हिएन्नाच्या वेढ्यात तुर्क हरले, आणि मगच ते आसन वर चढलं. पुढचा एक राजदूत फेरिओल १६९९ मध्ये सुलतानापुढे तलवार लावून जाण्याचा हट्ट धरून बसला, दारातूनच परतला. हे मानापमान पोरकट वाटतील, पण पेशवे दफ्तरातल्या वकिलांच्या बातमीपत्रांत कोणाला ताजीम मिळाली, कोण कुठे बसला याची बारीक नोंद आहेच. बसण्याची जागा हीसुद्धा भाषा आहे, आणि तिला दुभाषा लागत नाही.

अठराव्या शतकातले दोघे जण थोडक्यात. व्हिलनवने १७३९ मध्ये बेलग्रेडच्या तहात मध्यस्थी करून तुर्कांना ऑस्ट्रियाकडून बेलग्रेड परत मिळवून दिलं. त्या बदल्यात १७४० चा अहदनामा कायमचा झाला. प्रत्येक नव्या सुलतानाकडून तो पुन्हा करून घ्यायची गरज उरली नाही. दुसरा व्हेर्जेन, १७५५ ते १७६८. हाच पुढे सोळाव्या लुईचा परराष्ट्रमंत्री झाला आणि १७७८ मध्ये अमेरिकेशी तह केला. तो मंत्री असतानाच, १७७७ मध्ये, सेंट ल्युबिन हा फ्रेंच माणूस आरमार खात्याच्या आशीर्वादाने पुण्याला नाना फडणवीसांकडे आला. नानांनी त्याला मानाने ठेवून घेतलं, फौजफाट्याची त्याची आश्वासनं ऐकली आणि इंग्रजांना धाकात ठेवायला त्याचा उपयोगही केला. पण त्याच्याजवळच्या अधिकारापेक्षा त्याची आश्वासनं मोठी होती, आणि पुढच्याच वर्षी त्याला पुणं सोडावं लागलं. इस्तंबूलला फ्रान्सजवळ अडीचशे वर्षांची वकिलात होती, पिढीजात दुभाषे होते, कागदांची दप्तरं होती. पुण्यात यातलं काही नव्हतं. एका माणसाच्या शब्दावर दरबार उभा राहत नाही.

शेवटी पिएर रुफाँ. माझ्या लेखी या चार शतकांचा नायक हाच, आणि राजदूत ही पदवी त्याला कधीच मिळाली नाही. जन्म १७४२ चा, सालोनिकाचा. बाप दुभाषा, हाही ‘भाषेची पोरं’ शाळेत शिकलेला. ऑगस्ट १७८८ मध्ये टिपू सुलतानाचे तीन वकील व्हर्सायला सोळाव्या लुईपुढे उभे राहिले तेव्हा मधे दुभाषा होता तो हाच. दहा वर्षांनी तो इस्तंबूलला होता. राजदूत ऑबेर द्यु बाये वारल्यावर वकिलातीचा कारभार हळूहळू त्याच्या गळ्यात आला. आणि १७९८ च्या उन्हाळ्यात नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. इजिप्त सुलतानाचं, आणि फ्रान्स तर सुलतानाचा अडीच शतकांचा दोस्त. आपल्याच सरकारने रुफाँला आधी विश्वासात घेतलं नव्हतं. तरी वजिराच्या कचेरीत जाऊन बोलायचं होतं त्यालाच, आणि तेही अस्खलित तुर्कीत, म्हणजे ‘दुभाषाने चुकीचं सांगितलं’ ही पळवाटही नाही. सप्टेंबरात त्याला येदीकुलेत, म्हणजे सात बुरुजांच्या किल्ल्यात, डांबलं. जवळजवळ तीन वर्षांनी, १८०१ मध्ये, तो सुटला आणि पुन्हा त्याच शहरात, त्याच कामाला लागला. १८२४ मध्ये तो तिथेच वारला.

त्याच सुमाराला दुसरी बाजूही बदलली. तुर्कांचे स्वतःचे दरबारी दुभाषे ग्रीक घराण्यांतले असत. १८२१ मध्ये ग्रीकांचा उठाव झाला तेव्हा दरबारच्या मुख्य दुभाषाचा शिरच्छेद झाला आणि ती पद्धत बंद पडली. सरकारने आपलं भाषांतर कार्यालय काढलं, तरुण तुर्क कारकून फ्रेंच शिकू लागले, आणि त्यातूनच पुढे अली पाशा, फुआद पाशा असे वजीर निघाले. आता वजीरच राजदूताशी थेट फ्रेंचमध्ये बोलू लागला. राजदूताला तुर्की शिकावी लागली नाहीच. समोरचा त्याची भाषा शिकला.

पॅरिसच्या बाजूने मात्र ती जुनी शाळा वाया गेली नाही. १७९५ मध्ये क्रांतीच्या सरकारने पौर्वात्य भाषांची खास शाळा काढली. तिथे तुर्कीचा पहिला अध्यापक झाला व्हांतूर द पारादी, तोही एकेकाळचं भाषेचं पोर. १८२८ पासून तिथे हिंदुस्तानीही शिकवू लागले. आज ती संस्था ‘इनाल्को’ नावाने चालते.

विद्यार्थिनीला एक सांगते. पुढे कधी फ्रान्सला गेलीस तर नाँतच्या अभिलेखागारात इस्तंबूल वकिलातीची दप्तरं पाहता येतात. राजदूताच्या सहीच्या पत्राआधी त्याला जोडलेला तर्जुमा काढून बघ, आणि खाली तर्जुमा कोणी केला त्याचं नाव शोध.